फाटकापर्यंतची तगर

आमच्या घरासमोरची झुडपं मी निवडली, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे त्यांच्याखाली जे निघालं तेही माझ्याच नावावर जमा आहे. तोंडावर कुणी तसं म्हणत नाही. आई तेवढी एकदा म्हणाली.

घर नवं आहे. सांगलीच्या थोडं बाहेर, उसाच्या रानाला लागून. दारापासून फाटकापर्यंत फरशीची सरळ वाट आहे आणि ती नको तितकी लांब आहे, कारण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ट्रॅक्टर आत आणून वळवता यायला हवा होता. वाटेच्या दोन्ही बाजूंना तेव्हा नुसती काळी माती होती, आणि बांधकामातून उरलेले विटांचे तुकडे.

साताऱ्यात नोकरीला होते तेव्हा मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे, त्यांच्या अंगणात वाटेच्या कडेने गुडघ्याएवढी गोल झुडपं होती. बारा महिने हिरवी. ना पानगळ, ना उंच वाढणं. संध्याकाळी परत येताना ओसरीवर माणसं बसलेली असायची. त्यांच्याशी काय बोलायचं हे मला कधीच सुचायचं नाही, म्हणून मी त्या झुडपांकडे बघत आत जायचे. पुढे घरून काम करायची सोय झाली आणि मी गावी आले, तेव्हा साताऱ्यातली तेवढी एक गोष्ट आपल्या दारात असावी असं वाटलं.

आईच्या अटी होत्या. काटेरी नको. उंबराच्या जातीचं काही नको, त्याच्या फळांत किडे असतात. पानं झडणारं नको, कारण रोज झाडायचं म्हणजे खराट्याखाली रोज किडामुंगी मरायची. आणि खिडकीच्या वर जाणारं तर मुळीच नको. आम्ही जैन. आमच्याकडे मंदिराला बस्ती म्हणतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गावातल्या बस्तीचं शिखर दिसतं आणि आई चहा टाकण्याआधी त्याला हात जोडते. मधे काही आलेलं तिला चालणार नव्हतं.

मी इंग्रजी शाळेतली. झाडांची नावं मला आधी इंग्रजीतून माहीत झाली. इंटरनेटवर वाचून मी जी यादी केली, त्यातलं निम्मं थंड देशांतलं होतं. साताऱ्यातलं उरलेलं सामान आणायला गेले, तेव्हा हायवेच्या कडेला एक रोपवाटिका लागली. तिथल्या बाईंना मी मोबाईलवर जुनिपरचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, होतंय की. मग थुजा दाखवला. होतंय की. उन्हाळ्यात सांगलीत टिकेल का, असं विचारलं तेव्हाही त्या तेच म्हणाल्या, आणि रोपाची पिशवी उचलून माझ्या हातात दिली. मी ती खाली ठेवली. त्यांच्या शेडमागे ऐन उन्हात, पाणी तुटलेल्या वाफ्यात, काय हिरवं राहिलंय ते स्वतः फिरून पाहिलं. मिनी तगर तशी होती. बारीक, चकचकीत पानं, चांदणीसारखी पांढरी फुलं, अंगाने बुटकी. वाटेसाठी ती घेतली, आणि पायरीच्या दोन्ही बाजूंना लाल फुलांच्या गुच्छांची मिनी एक्झोरा.

एक्झोराने सुरुवातीला त्रास दिला. आमच्या काळ्या मातीत तिची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मग खड्डा मोठा करून त्यात लाल माती आणि कुजलेलं शेणखत घातलं, तेव्हा ती सावरली. तगरीने काहीच त्रास दिला नाही. मी ती फार जवळजवळ लावली होती. दोन रोपांत हातभर जागा सोडायला हवी हे वाचलेलं होतं, पण मोकळी माती बघवत नव्हती. सगळं लवकर भरून यावं असं वाटत होतं.

बुडाशी झाडाच्या सालीचा थर द्या, ओल टिकते, असंही वाचलं होतं. इथे साल कुठली मिळणार? अण्णा म्हणाले, आपल्याकडं पाचट हाय की. ऊस तोडल्यावर रानात जो वाळका पाला पडतो, तो त्यांनी ट्रॉली भरून आणला आणि दोन्ही कडांना गादीसारखा अंथरला. आमच्या भागात रानात पाचट ठेवणं हे चांगल्या शेतकऱ्याचं लक्षण मानतात, त्यामुळे त्यांनी हात आखडला नाही. श्रावणापर्यंत तगर इतकी दाट झाली की खालच्या फांद्या पाचटावर टेकल्या. लोक फाटकाशी थांबून बघायचे. मला आतून बरं वाटायचं आणि मी पडद्यामागे सरकायचे.

भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व आलं. या दहा दिवसांत आई एकदाच जेवते, हिरवी भाजी खात नाही, आणि पहाटे आंघोळ करून सोवळ्यात, अनवाणी, बस्तीत अभिषेकाला जाते. लग्न होऊन आल्यापासून तिचा हा नेम आहे. पर्व संपलं की क्षमावणीचा दिवस.

पर्व नुकतंच सुरू झालं होतं. सकाळी मी लॅपटॉप घेऊन पायरीवर बसले होते आणि कुकरची वाफ सुटल्यासारखा आवाज ऐकत होते. शिट्टी होण्याआधी जोरात, लांबच लांब सुटते ती वाफ. मला वाटलं, आता शिट्टी होईल. शिट्टी झाली नाही. आवाज थांबला, परत सुरू झाला. मग माझ्या लक्षात आलं की आईचा उपास आहे, अण्णा रानात आहेत, आणि घरात गॅस पेटलेलाच नाही.

मी मान तेवढी वळवली. वाटेच्या मध्यावर, तगरीच्या फांद्या पाचटाला टेकतात तिथे, एक जाड अंग होतं. माझ्या मनगटापेक्षा जाड. पाचटाच्याच रंगाचं, त्यावर गडद लांबट गोलांची माळ. एक मांजर समोर अंग फुगवून उभं होतं. मांजर मागे हटलं आणि ते अंग घाई न करता आत ओढलं गेलं. पाचटाची दोन पाती हलली, मग तीही थांबली.

घोणस ओळखायला आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. ऊसतोडीत ती कुणाच्या तरी पायाला लागते, आणि मग त्या पायाच्या गोष्टी वर्षभर चालतात. मी पाय पायरीवर उचलून घेतले. मी अण्णांना फोन लावला तेव्हा मला एकच गोष्ट दिसत होती. आईचे पाय. उद्या पहाटे ते या फरशीवरून जाणार होते.

दुपारी सांगलीहून सर्पमित्र आला. बँकेत नोकरी करणारा, इस्त्रीच्या शर्टातला, हातात आकडा असलेली काठी. त्याने दोन्ही कडा हलक्या हाताने चाळल्या. उंदरांची बिळं दिसली, साप दिसला नाही. तो म्हणाला, उसात गेली असेल, किंवा इथेच असेल. पाचट सगळं काढा, झुडपांच्या खालच्या फांद्या छाटा, म्हणजे खालून उजेड दिसेल आणि तिला राहावंसं वाटणार नाही. हे सांगताना तो अण्णांकडे बघत होता. अण्णांनी आईकडे बघितलं.

“पर्वात एक काडी हलवायची न्हाई,” आई म्हणाली. “पाचटाखाली किती जीव असतील. क्षमावणी झाली की काय ते करा.”

“आणि तवर चावायचं न्हाई, असं तिला सांगितलंस व्हय?” अण्णांनी विचारलं.

आई हसली नाही. पर्वात खणायचं नाही, हिरव्याला हात लावायचा नाही, हे आमच्या घरात वादाचे विषय नाहीत. अण्णा स्वतः त्या दिवसांत नांगर धरत नाहीत. त्यांनी सर्पमित्राला चहा पाजला आणि फाटकापर्यंत सोडलं. दोघंही वाटेच्या अगदी मधून चालत गेले.

दिवस मावळायच्या आत आमची जेवणं आवरल्यावर मी आईला म्हटलं की फाटकापर्यंत तरी चपला घाल, तिथे काढून ठेव.

“सोवळ्यात चपला?”

“रबरी आहेत, आई. चामड्याच्या नाहीत.”

“न्हाई म्हटलं की न्हाई.”

मागच्या दाराने जावं तर तिकडे सरळ ऊस. वाट ती एकच. मग आई ते बोलली. भांडं पुसत, माझ्याकडे न बघता. “तिनं तरी कुठं जावं? बाहेर चिखल, रानात पाणी. तू मऊ गादी घालून, वर छप्पर करून दिलंस.”

मला झोप लागली नाही असं नाही. लागायची, आणि मग वाफेच्या आवाजाने मोडायची. प्रत्येक वेळी तो आवाज पंख्याचा असायचा.

पहाटे आई दार उघडायला लागली तेव्हा मी काठी आणि मोबाईलचा उजेड घेऊन पुढे उभी होते. सापाला आवाजापेक्षा जमिनीचा हादरा कळतो, हे सर्पमित्राने सांगितलं होतं. मी अण्णांचे गमबूट घातले होते, ते मला फार मोठे होत होते. काठी फरशीवर आपटायची, उजेड डावीकडे, उजेड उजवीकडे, एक पाऊल. परत काठी. माझ्या मागे आई काही पुटपुटत होती, जप असावा. तगरीची फुलं उजेडात फार पांढरी दिसायची. वाऱ्याने पान हललं की मी तिथेच थांबून काठी परत आपटायचे. ही मी निवडलेली वाट होती. साताऱ्यातल्या त्या अंगणात मला जे सुरक्षित वाटायचं, ते नेमकं हेच होतं. दाट, जमिनीपर्यंत टेकलेलं, आत काय आहे ते न दिसणारं.

फाटकापाशी पोहोचले की मला दम लागलेला असायचा. आईला बस्तीपर्यंत सोडून मी तिथेच थांबायचे, कारण परत येताना पुन्हा तीच वाट होती. गमबूट बाहेर काढून, काठी भिंतीला टेकवून, मागच्या ओळीत बसायचे. कॉलेजला गेल्यापासून मी बस्तीत सणासुदीलाच दिसायचे. त्यामुळे बायकांनी लगेच धरलं.

“पोरीला काठी कशाला गं? तू पळून जाशील म्हणून?” एकीने आईला विचारलं.

दुसरी म्हणाली, धर्माला लागली पोरगी, आता स्थळ बघायला हरकत न्हाई. सगळ्या हसल्या. मी खाली बघून हसले. आईने घोणसीचं कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आठवड्याच्या आत कुणीतरी फावडं घेऊन आलं असतं. मला ते हवंही होतं आणि नकोही होतं.

रोज ती वाट तशीच पार पडत होती आणि रोज भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढत होती. काही घडत नव्हतं, म्हणजे ते अजून घडायचं बाकी होतं. दुपारी मी खिडकीत बसून काम करायचे आणि नजर पाचटावर असायची. मीटिंगमध्ये कुणी काही विचारलं तर दोनदा विचारावं लागायचं. उंदीर दिसायचे. एक दिवस उंदीर दिसले नाहीत, तेव्हा तर मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले. अण्णा म्हणाले, लय विचार करू नको, गेली असंल ती. पण संध्याकाळी रानातून आल्यावर ते स्वतः फाटकाशी खाकरायचे, पाय आपटायचे, आणि मगच आत यायचे.

पर्व संपत आलं होतं. अनंत चतुर्दशीची पहाट, मोठी पूजा, आणि नेमका आईला उशीर झालेला. रात्रभर भुरभुर चालू होती. वीज गेलेली, त्यामुळे फाटकावरचा दिवा बंद. मी पुढे होते. वाटेच्या निम्म्यावर फरशीवर पाचटाचा एक झुबका आडवा पडलेला दिसला. मला वाटलं, वाऱ्याने आला असेल. पाचट खालून फरशीवर का येतं, याचा मला रागही आला. मी काठी आपटली.

“उशीर झाला, हो बाजूला,” म्हणत आई माझ्या उजव्या अंगाने पुढे निघाली.

तेवढ्यात त्या झुबक्यावरचे गोल सरकले.

आमच्या घरात कुणी कुणाला फारसं शिवत नाही, आणि आई सोवळ्यात असताना तर नाहीच. मी काठी टाकून तिच्या दंडाला धरलं. इतक्या जोराने की नंतर तिथे वळ उठला होता.

“आई. पाय खाली टेकू नको.”

तिने विचारलं नाही. उचललेला पाय तसाच हवेत ठेवून ती माझ्या अंगावर रेलली. आता आवाज सुरू झाला. जवळून तो कुकरसारखा नव्हता, तो कुणीतरी रागाने, न थांबता श्वास सोडत असल्यासारखा होता. माझ्या हातातला उजेड इतका हलत होता की साप हलतोय की उजेड, ते कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की आईचा अनवाणी पाय त्या उजेडाच्या कडेला आहे. तिचं सगळं वजन माझ्या हातावर आलं होतं. मी तिला वेताने मागे ओढलं, एक फरशी, मग आणखी एक. गमबुटात माझे पाय घसरत होते.

घोणस बराच वेळ तशीच पडून राहिली, मग अंग आवरत, सावकाश, डावीकडच्या तगरीखाली गेली.

आम्ही पायरीपर्यंत मागे आलो आणि बसलो. आईने पदर तोंडाला लावला होता. ती रडत नव्हती, तिचे दात वाजत होते.

“तुला वाटतंय मी भीत न्हाई,” ती म्हणाली. “रोज भिते. दारातनं पाय बाहेर टाकायच्या आधी उंबऱ्याला धरून हुबी ऱ्हाते.”

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

“काय बोलू? तू आधीच पांढरी पडलेली. पाठीमागनं बघत हुते की मी. काठी धरलेला तुझा हात कसा हलत हुता.”

मी स्वतःला फार बारकाईने बघणारी समजते. पण त्या दिवसांत मी फक्त खाली बघत होते, आणि ती माझ्या मागे होती. तिचा जप मी ऐकत होते. तो जप माझ्यासाठी चालला होता की तिच्यासाठी, हे मी अजून विचारलेलं नाही.

उजाडल्यावर अण्णा बाहेर आले. त्यांना आम्ही सांगितलं. ते वाटेवर उतरले आणि आमच्या पुढे, पाय आपटत, फाटकापर्यंत गेले. आई अभिषेकाला उशिरा पोहोचली. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं ती म्हणाली, पण तक्रारीच्या सुरात नाही.

क्षमावणीला सगळे एकमेकांची क्षमा मागतात. माणसांची आणि सगळ्या जीवांची. बस्तीतून आल्यावर आईने पायरीवर उभं राहून वाटेकडे तोंड करून हात जोडले. मी तिच्या शेजारी उभी राहिले. मला क्षमा मागता आली नाही. मला फक्त ती घोणस तिथून जायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सर्पमित्र आला. अण्णांनी पाचट दाताळ्याने ओढायचं नाही, हाताने उचलायचं, असं आईने बजावलं होतं, त्यामुळे काम फार हळू चाललं. ती स्वतः थोडं अंतर ठेवून मऊ केरसुणीने गोगलगायी आणि मुंग्या कडेला सारत होती. तगरीखाली उंदरांची बिळं निघाली, एक कात निघाली. साप नव्हता. मला वाटलं, गेली. मग सर्पमित्राने पायरीशेजारच्या एक्झोराचं बूड उचकटलं आणि एकदम हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

ती तिथे होती. आई जिथे बसून पाय धुते, मी जिथे लॅपटॉप घेऊन बसते, त्या पायरीच्या पोटाला लागून. त्याने तिला आकड्याने उचलून पिशवीत घेतलं. मग त्याच जागी, लाल मातीवर, वीतभर लांबीची पिल्लं दिसली. घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, हे त्याने तेव्हा सांगितलं. जेवढी सापडली तेवढी त्याने बरणीत घेतली.

“एवढीच होती का?” मी विचारलं.

“ते कसं सांगणार, ताई,” तो म्हणाला. पिशवी आणि बरणी घेऊन तो गेला. वनखात्याला कळवून लांब सोडतो म्हणाला.

अण्णा झुडपं उपटायलाच निघाले होते. आईने नको म्हटलं. मुळं धरलीत, आता त्यांचा जीव कशाला घेता. मग मी कात्री घेतली. एकाआड एक तगर काढून मागच्या बांधावर लावली, मधे हातभर जागा सोडली. उरलेल्यांच्या खालच्या फांद्या वीतभर उंचीपर्यंत छाटल्या, चीक हाताला लागून बोटं चिकट झाली. पाचटाच्या जागी बारीक खडी पसरली. आता पायरीवरून वाकून बघितलं तर सगळ्या ओळीखालून पलीकडचं कुंपण दिसतं. झुडपं थोडी विचित्र दिसतात, लुगडं वर खोचून उभ्या असलेल्या बायांसारखी. फाटकाशी थांबून आता कुणी बघत नाही. फुलं मात्र येतात.

ती पिल्लं, जी सापडली नसतील ती, आता केवढी झाली असतील याचा हिशोब मी मनात करते आणि अर्ध्यात सोडून देते. आई खिडकीतून शिखराला हात जोडते, आणि मग तिची नजर खाली, तगरीच्या बुडाशी जाते. हे आधी नव्हतं.

पर्व कधीच संपलं, पण ती अजूनही पहाटे दर्शनाला जाते, अजूनही अनवाणी. गमबूट दाराशीच असतात. अण्णांनी स्वतःसाठी दुसरे आणले. मी दार उघडते, उजेड डावीकडे टाकते, उजवीकडे टाकते. आई उंबऱ्याच्या आत थांबते. तिचा हात माझ्या पाठीला टेकलेला असतो, सोवळ्यात असली तरी.

“हो पुढं,” ती म्हणते.

मी काठी आपटते.